दुकानातल्यासारखी बिअर

लायल रेट्झलाफच्या बिअरला क्लबात मान होता आणि घरात काडीची किंमत नव्हती. क्लब म्हणजे फार मोठं काही नाही. आमच्या गावात घरी बिअर गाळणारी चौदा-पंधरा माणसं, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमायचं, एकमेकांच्या बाटल्या उघडायच्या आणि पेल्यात नाक खुपसून तासभर चर्चा करायची. लायलची बिअर तांबूस, दाट, हॉप्सच्या फुलांनी कडूजहर. दोन पेल्यांत माणूस खुर्चीतून उठायचं नाव घेत नसे. क्लबातले लोक माना डोलवायचे.

त्याचे वडील हार्लन मात्र जन्मभर एकच बिअर प्यायले. ज्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली, तिथलीच. पिवळी, पातळ, थंडगार, ना धड कडू ना धड गोड. शुक्रवारी तळलेल्या माशांबरोबर ती, रविवारी पॅकर्सच्या फुटबॉल सामन्याला ती, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीला निघाले की गाडीत खोकी भरून तीच.

बारा वर्षांपूर्वी लायलची बहीण नडीन हिच्या अंगणात सॉसेज भाजायचा बेत होता. लायलची पहिल्यांदाच मनासारखी बिअर साधली होती. मोठ्या हौसेने त्याने पेला भरून वडिलांच्या हातात दिला. हार्लननी एक घोट तोंडात घेतला आणि सगळ्यांदेखत गवतावर थुंकून टाकला. वर म्हणाले, ही ठेव कुंपण रंगवायला. लोकांची हसून पुरेवाट झाली. लायलही हसला, न हसून करतो काय! पण त्यानंतर त्याने आपली बिअर वडिलांपुढे कधी ठेवली नाही, आणि त्यांनीही कधी मागितली नाही. दोघांची घरं एकाच रस्त्यावर, मधे फक्त तीन घरं. रोजचं येणं-जाणं, बर्फ उपसायला एकमेकांना मदत, सगळं व्यवस्थित. हा एकच विषय कुणी काढायचा नाही.

मग गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर हार्लनच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टरांनी ईस्टरपर्यंत म्हटलं, पण म्हणताना समोर बघितलं नाही. नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जेवायला बसले होते. हार्लननी ताटातली टर्की नुसतीच चिवडली आणि मधेच लायलला म्हणाले, तुझ्या गॅरेजमधली एखादी बिअर आण कधीतरी, जायच्या आधी एकदा पिऊन बघतो.

आता सरळ डोक्याच्या माणसाने काय केलं असतं? तळघरात दोन-अडीच डझन बाटल्या भरलेल्या होत्या. त्यातली एक आणून उघडली असती. पण लायलचं डोकं सरळ चालेल तर शपथ. त्याला आठवलं ते गवत आणि ते हसणारे लोक. त्याच्या मनाने घेतलं की या खेपेला म्हातारा थुंकता कामा नये. या खेपेला त्याने पेला रिकामा करायचा आणि म्हणायचं, चांगली झाली. बस, एवढे दोनच शब्द. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा, हाताला कायम ग्रीस, आणि या दोन शब्दांसाठी अगदी लहान मुलासारखा आसुसलेला. त्याने ठरवलं की वडिलांना जी आवडते तीच बिअर करायची, हुबेहूब दुकानातल्यासारखी.

ऐकायला सोपं वाटतं. आमच्याकडे बिअर गाळणाऱ्या कुणालाही विचारा, तो कपाळाला हात लावील. कडू, दाट बिअरमध्ये दहा चुका झाल्या तरी पचतात, फुलांचा वास सगळं झाकून घेतो. पातळ पिवळ्या बिअरमध्ये झाकायला काहीच नसतं. भांडं नीट धुतलं नाही की चव लागते. आंबवण दोन अंश जास्त तापलं की हिरव्या सफरचंदाचा वास येतो. शिवाय हे आंबवण थंडीत सावकाश होणार, आणि मग गोठायच्या बेतात आठवडेच्या आठवडे निवत पडणार. घाई केली की गेलं.

पहिली खेप लायलने घालवली ती स्वतःच्याच हाताने. बाहेर उणे दहा, गॅरेजमध्ये वाफ कोंडू नये म्हणून दार उघडं ठेवावं तर उकळी बसते. म्हणून त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं. वाफेबरोबर जो वास निघून जायचा तो आतच राहिला, आणि दोन आठवड्यांनी चाखली तर काय, उकडलेल्या मक्याच्या कणसांचं पाणी! सगळी नाल्यात ओतली. दुसऱ्या खेपेला त्याने सातूबरोबर मका न घालता तांदूळ शिजवून घातला, फुलं चिमूटभरच घातली आणि दार सताड उघडं टाकून, कानटोपी घालून दीड तास ढवळत उभा राहिला. जुना फ्रीजर रिकामा करून त्याला थर्मोस्टॅट लावला. नव्या बिअरला जागा हवी, रिकाम्या बाटल्या हव्यात, म्हणून तळघरातल्या आपल्या सगळ्या बाटल्या उचलून त्याने नाताळात क्लबाला देऊन टाकल्या. त्या लोकांनी एका बैठकीत संपवल्या. त्याचा मित्र गॉर्डी म्हणाला, अरे, आम्हाला कडू प्यायची सवय तूच लावलीस आणि आता हे बेचव पाणी करत बसलायस?

इकडे हार्लन वाळत चालले. जानेवारीत त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीशी आणली, नडीन सामान घेऊन तिथेच राहायला आली. त्यांनी लायलला दोनदा विचारलं, काय झालं रे तुझ्या बिअरचं. लायल म्हणायचा, निवतेय बाबा, थोडं थांबा. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, अरे, असेल ती आण की. तरी या गाढवाच्या लक्षात आलं नाही. तो रोज पहाटे उठून फ्रीजरचा आकडा बघायचा आणि हिशेब करायचा की बिअर आधी तयार होते की वडील आधी जातात. एकदा तर भीतीने त्याला तिथेच, फ्रीजरच्या झाकणावर हात ठेवून, रडू फुटलं.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बिअर उतरली. स्वच्छ, पिवळीधमक, वर पांढरा फेस. क्लबात अशा वेळी तीन पेल्यांची परीक्षा असते. दोन पेल्यांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता ते चवीवरून ओळखायचं. लायलने दोन पेल्यांत दुकानातली ओतली आणि एकात आपली. चौदा जणांपैकी चौघांनी बरोबर ओळखली, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी तेवढ्या जणांना ओळखता आली असती. गॉर्डीने उठून त्याच्याशी हात मिळवला आणि कबूल केलं की हे आपल्याला जन्मात जमलं नसतं.

शनिवारी दुपारी लायल थंड पेला घेऊन वडिलांच्या घरी गेला. नडीन स्वयंपाकघरात सूप ढवळत होती. हार्लनना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरला, एक घोट घेतला, मग दुसरा. थुंकले नाहीत. चेहरा अगदी शांत झाला. लायलचे कान त्या दोन शब्दांकडे लागले होते.

"ही आपली कारखान्याची," हार्लन म्हणाले.

"नाही बाबा. मी केली. दहा आठवडे लागले."

हार्लन मग मान हलवून म्हणाले, "लायल, चौतीस वर्षं हीच भरली मी बाटल्यांत. मला फसवतोस होय रे?"

लायलने शपथ घेतली. पिंप इथे आणून दाखवतो म्हणाला. क्लबातल्या कुणालाही फोन लावा म्हणाला. जसजसा तो बोलत गेला तसतसा म्हातारा कष्टी होत गेला, आणि शेवटी त्याने पेला टेबलावर ठेवून दिला.

"माझ्या मनासारखं व्हावं म्हणून तू दुकानातली आणलीस, कळतं मला. पण ही तर मी रोज प्यायलोय. मला तुझी प्यायची होती." ते दम खायला थांबले. "नडीनच्या अंगणात मी थुंकलो ना, त्या दिवशी तुझं तोंड बघितलं होतं मी. बारा वर्षं झाली, डोक्यातून जात नाही. ती तुझी कडू बिअर आण. पूर्ण पेला पितो. मग माझं मला बरं वाटेल."

लायलने पुन्हा सांगावं की ही माझीच, तर ते खोटं ठरणार. आणि जी खरोखर त्यांना हवी होती तिचा एक थेंबही गावात उरला नव्हता. नवी करायची तर तीन आठवडे. हार्लनच्या हाताची हाडं बघून कुणीही सांगितलं असतं की तीन आठवडे नाहीत.

"आहे ना रे? की संपवलीस?"

"आहे," लायल म्हणाला. "घेऊन येतो. आलोच."

बाहेर येऊन त्याने आपल्या दारातली गाडी काढली आणि तो थेट गॉर्डीच्या घरी गेला. क्लबाला दिलेल्यांतली एखादी बाटली कुठे उरलीय का, विचारलं. गॉर्डी म्हणाला, नाही रे, एकही नाही. मग लायलचा चेहरा बघून त्याने काय झालं ते विचारून घेतलं, आत गेला आणि स्वतःची एक बाटली घेऊन आला. तांबूस, कडू, बरीचशी तशीच, कारण शिकला होता तो लायलकडूनच. बाटलीवरची चिठ्ठी त्याने नळाखाली धरून अंगठ्याने घासून काढली.

अर्ध्या तासात लायल परत खाटेशी होता. हार्लननी पहिला घोट घेतला आणि त्यांचे डोळे बारीक झाले, खांदे आखडले. गिळायला किती त्रास झाला ते गळ्यावर दिसत होतं. पण गिळला. थांबून दुसरा घेतला. लायल म्हणाला, पुरे बाबा, सगळी नका पिऊ. त्यांनी हाताने त्याला गप्प केलं.

"कशी करतोस, सांग मला," ते म्हणाले. "कधी विचारलंच नाही."

काय सांगणार लायल? गॉर्डीने तिच्यात काय घातलं होतं ते त्याला कुठे माहीत होतं, आणि आपली जुनी कृती तिच्यावर चिकटवायला मन धजेना. तो सांगत गेला ते आपल्या दहा आठवड्यांचं. पहिली खेप झाकणामुळे कशी वाया गेली, दुसरीला दार उघडं टाकून कानटोपी घालून कसा उभा राहिलो, पहाटे उठून आकडा कसा बघत होतो, आणि रोज किती भीती वाटायची. फक्त तांदळाचं तेवढं गाळलं, कारण तो कारखान्याच्या बिअरमध्ये पडतो हे हार्लनना ठाऊक होतं. हार्लन ऐकत होते आणि अधूनमधून एक-एक घोट घेत होते. अर्ध्याहून जास्त पेला त्यांनी संपवला, मग ते दमले तेव्हा लायलने तो काढून घेतला.

"एवढं सगळं करत होतास, आणि मी तिकडे बघितलंही नाही," ते म्हणाले. "चांगली झाली रे. फार चांगली झाली."

"हो बाबा," लायल म्हणाला.

त्यांचा डोळा लागेपर्यंत तो बसून राहिला. मग दोन्ही पेले उचलून स्वयंपाकघरात गेला आणि नडीनच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊन रडायला लागला. नडीनने सगळं ऐकलं होतं, फक्त बाटली कुणाची ते तिला ठाऊक नव्हतं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बाबांची शाबासकी मिळाली ना रे शेवटी तुला, रडतोस कशाला वेड्या?"