एका झटक्यातली रेघ

‘मेमरी अपुरी आहे, फाइल उघडता येत नाही’ असं पडद्यावर पुन्हा आलं, तेव्हा धाकट्याने माउस बाजूला सारला आणि सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. शाळेची माणसं उद्या वाचनालयाच्या कपाटांचं ड्रॉइंग बघायला येणार होती, आणि ते ड्रॉइंग उघडायलाच तयार नव्हतं.

त्याची पन्नाशी उलटली होती, मिशा पिकल्या होत्या, तरी सगळ्या बाजारात तो धाकटाच. थोरला भाऊ, म्हणजे दादा, इतकी वर्षं या वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसून फर्निचरची ड्रॉइंग काढायचा आणि धाकटा ती लाकडात उतरवायचा. मग एका सकाळी दादाने चष्म्याचा डबा उचलला, “रेघा ओढून कंटाळा आला रे,” म्हणाला आणि दूर लेकीकडे राहायला गेला. धाकट्याचं लग्न झालेलं नव्हतं. रंधा थांबला की वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर तेवढी उरायची.

फोनवर एक बाई आली. आवाज तरुण होता, पण दमलेला.

“काका, बाकीच्या फाइली बंद केल्यात का?”

“केल्यात.”

“सगळ्या?”

“सगळ्या म्हणजे... हो, सगळ्याच.”

“बरं. तुमचा पडदा मला इथून दिसेल, हाताळता येईल अशी परवानगी द्या.”

त्याने दिली आणि मग जीभ चावली.

“काका, ही खुर्ची कसली उघडी आहे?”

“असू दे हो ती. ती कोणाच्या अध्यातमध्यात नाही.”

“अहो, तीच तर सगळी जागा अडवून बसलीये. कधीपासून उघडी आहे?”

“दादा गेला तेव्हापासून.” मग तो घाईने म्हणाला, “लेकीकडे गेला! ठणठणीत आहे तो.”

बाई हसली. “मग बंद करा ना. सेव्ह केलेली दिसतेय, खुर्ची कुठे पळून जात नाही.”

खुर्ची पळणार नव्हती, हे धाकट्यालाही ठाऊक होतं. पण रोज संध्याकाळी काम आटोपलं की तो अनडूची बटणं दाबून धरायचा. खुर्ची भराभर उलगडत जाऊन कोरा कागद उरायचा. मग रिडू दाबून धरलं की ती आपोआप उभी राहायची, दादाने काढली त्याच क्रमाने: आधी बैठक, मग पाठ, मग पाय, शेवटी हात. तेवढा वेळ दादा शेजारी बसल्यासारखं वाटायचं. प्रोग्राम बंद केला की चित्र राहणार होतं, क्रम मात्र पुसला जाणार होता. म्हणून त्याने कॉम्प्युटर कधी बंद केलाच नव्हता, नुसता झोपवला होता. लाइट गेली तर पंचाईत नको म्हणून बॅटरीही बसवली होती.

यातलं निम्मंअर्धं त्याने बाईला सांगितलं.

“मेमरी वाढवून घेतली तर?” त्याने विचारलं.

“उपयोग नाही काका. प्रोग्राम जुना आहे. मशीनमध्ये कितीही ओता, तो ठरावीक तेवढीच वापरू शकतो. पण मला कळत नाही, एका खुर्चीचा इतिहास एवढी जागा कशी खाईल? अनडू करा बघू. दाबून धरू नका, एकेकदा.”

एकेकदा त्याने कधी केलंच नव्हतं. त्याने बटण दाबून सोडलं. खुर्चीच्या उजव्या हाताची गुळगुळीत रेघ गेली आणि तिच्या जागी दुसरीच एक रेघ आली.

“थांबा,” बाई म्हणाली. तिने चित्र मोठं केलं.

करवतीचे दात असावेत तशी ती रेघ होती.

“हे बघा. साध्या वळणाला चार बिंदू पुरतात. इथे हजारो आहेत. आधी अशी रेघ काढली, मग प्रोग्रामकडून गुळगुळीत करून घेतली. नाही आवडली, खोडली, परत काढली. प्रत्येक वेळचं सगळं प्रोग्रामने धरून ठेवलंय. कॉम्प्युटरवर काढायचं पेन बिघडलं होतं का?”

“पेन नवं कोरं होतं.”

“मग हात थरथरत असेल,” ती म्हणाली. दोष सापडल्यावर बोलतात, तितक्या सहज.

धाकट्याने आणखी एकदा बटण दाबलं. आणखी एकदा. खोडलेला हात, थरथरता हात, पुन्हा खोडलेला. भराभर उलगडताना त्याला हे कधी दिसलं नव्हतं. केसांत भुसा घेऊन तो दादाच्या पाठीशी उभा राहायचा आणि टोमणे मारायचा, “दादा, खुर्ची आहे ही, सिंहासन नाही! एवढ्यात लोक घरं बांधून मोकळे होतात.” दादा मागे न वळता हसायचा. उजव्या हातावर डावा हात ठेवायचा. चहा आणला की, “अर्धाच भर रे कप,” म्हणायचा, आणि धाकट्याला वाटायचं, डॉक्टरने साखर कमी करायला सांगितली असेल.

“काका? आहात ना?”

“आहे.”

“एक करता येईल. तुम्ही हे सगळं पहिल्यापासून चालवा, आपण पडद्याचं रेकॉर्डिंग करू. मग फाइल बंद करा. व्हिडिओ कायमचा राहील, कधीही बघा.”

इतके दिवस त्याला हेच तर हवं होतं. त्याने माउस हातात घेतला आणि तसाच धरून राहिला.

“नको.”

“अहो, काही त्रास नाही. पाच मिनिटांचं काम.”

“त्याने खोडलंय ना ते? मग खोडलेलंच बरं.”

बाई म्हणाली, “मी मात्र बघितलं.”

“तुम्ही काय बघितलंत? खुर्ची बघितलीत.”

“हो,” ती म्हणाली. “छान आहे खुर्ची.”

धाकट्याने रिडू दाबून धरलं. भरभर सगळं जागेवर आलं, उजव्या हाताचं वळण शेवटी, स्वच्छ. मग त्याने फाइल बंद केली. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. शाळेची कपाटं पहिल्या फटक्यात उघडली. बाईने सवयीने विचारलं, “आणखी काही मदत?” आणि उत्तराची वाट न बघता, हळूच, “सांभाळा काका,” म्हणून फोन ठेवला.

कपाटांची मापं तपासून झाल्यावर त्याने कॉम्प्युटर बंद केला. झोपवला नाही, बंद केला. पंख्याची घरघर थांबली. खिडकीतलं ऊन अजून रंध्याच्या टेबलावर होतं आणि हातांना काही काम नव्हतं. त्याने दादाला फोन लावला.

“जेवलास?” दादाने विचारलं. तो नेहमी एवढंच विचारायचा.

“आता कुठे? उजेड आहे अजून.”

“बरं.”

या ‘बरं’वर फोन संपायचा. धाकट्याने आज तो कानाशी तसाच धरून ठेवला.

“दादा, ती खुर्ची करायला घेतोय.”

“कुठली?”

“तुझी शेवटची. उजव्या हाताचं वळण काय जमलंय रे!”

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला, एकदा नाही, खडखडत.

“एका झटक्यात काढलं होतं ते,” दादा म्हणाला.

“दिसतंच की,” धाकटा म्हणाला.