मोडीतलं पत्र

गिरणीत काम लागल्यावर रुद्रप्पानं पोरीला, महादेवीला, मंद्रूपच्या शाळेतून काढून भवानी पेठेतल्या शाळेत आणलं. हेडमास्तरांनी पारखायला तिसरीचं छापील पुस्तक दिलं. महादेवीनं धडा घडाघडा वाचला. मग त्यांनी हातानं लिहिलेला मोडी कागद पुढं केला, तसं तिला एक अक्षर लागेना.

"हिला मोडी येत नाही. दुसरीतच बसवावं लागेल."

रुद्रप्पा भडकला. "येत न्हाय कसं? गावाकडची पत्रं हीच वाचती की!" आठवड्यापूर्वी आलेलं कार्ड पटक्यातून काढून त्यानं मास्तरांपुढं आपटलं.

मास्तरांनी ते वाचलं. त्यांचा आवाज उतरला. "तुमच्या भावानं लिहिलंय. आई शेवटच्या घटका मोजतेय, तुमचंच नाव घेतेय. असाल तसे निघा."

रुद्रप्पा पोरीकडं बघतच राहिला. 'समदी खुशाल हायत,' असं तिनं वाचून दाखवलं, त्या दिवशी पोर शिकली म्हणून त्यानं आळीभर गूळ वाटला होता.