एका खोलीचा भार

नोएडातल्या त्या फ्लॅटमध्ये नोव्हेंबरातही पंखा लावावा लागे, कारण मधल्या खोलीत धवलची पाच यंत्रं अहोरात्र तापत होती. ती बिटकॉइनसारखं कुठलंसं नाणं तयार करतात, एवढंच विनायकरावांना समजलं होतं. ती वीज किती खातात, हे मात्र त्यांना मुलापेक्षा चांगलं कळे. वीज खात्यात चौतीस वर्षं काढून ते दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून इथे राहायला आले होते. फ्लॅटचा मंजूर वीजभार आणि सोसायटीच्या जनरेटरचा बॅकअप वाढवून मागणाऱ्या अर्जावर सही त्यांचीच होती. आईच्या खोलीत एसी आणि हवा शुद्ध करणारं मशीन बसवायचंय, असं धवल म्हणाला होता. हवेचं मशीन आलं. उरलेला भार मधल्या खोलीनं गिळला.

त्यांच्या पत्नीचा, साधनाचा, दमा दिवाळीपासून बळावला होता. निदान घराजवळचा धूर टाळा, असं डॉक्टर म्हणाले. घराजवळचा धूर म्हणजे सोसायटीचा डिझेल जनरेटर. वीज गेली की तो सुरू होई, आणि त्याचं धुराडं यांच्याच गॅलरीच्या अंगाला होतं.

त्या दुपारी धुरक्यात समोरचा टॉवर दिसेना. वीज गेली आणि खाली जनरेटर धडधडू लागला. साधना उठून बसली. खांदे उचलून श्वास ओढू लागली.

"धवल, बंद कर ती मशिनं."

"बाबा, यार, जनरेटर चारशे फ्लॅट्ससाठी चालतो. माझ्या पाच मशिनांनी काय फरक पडणार?"

"पाच किलोवॅट खातात ती."

"मग? बँकांची ऑफिसं काय कंदिलावर चालतात? आणि मी हे करतोय कुणासाठी? भाव असाच राहिला तर मार्चपर्यंत आईसाठी वर पहाडात, मुक्तेश्वरला घर घेतो. तिथली हवा बघा एकदा."

"तिला आज दम लागलाय."

"तुम्ही जन्मभर कोळशाची वीज पुरवलीत. तेव्हा हिशोब लावला होता, किती जण खोकले त्याचा?"

विनायकराव उठले आणि मधल्या खोलीचा खटका खाली ओढला. यंत्रांची घरघर थांबली. धवल मोबाईल घेऊन सोफ्यावर बसला.

ते गॅलरीच्या बंद काचेपाशी उभे राहिले. वीस मिनिटं घड्याळ लावून पाहिलं. धूर तेवढाच होता, तसाच काळा. हजार किलोवॅटच्या जनरेटरवरचे पाच किलोवॅट कमी झाले होते. मुलाचं म्हणणं आकड्यांत बरोबर होतं, आणि प्रत्येक फ्लॅटमधल्या माणसाचंही ते तितकंच बरोबर असणार होतं.

"अहो," आतून साधना म्हणाली. मधे श्वासासाठी थांबली. "लावा ती मशिनं. रुसून बसलाय तो."

"तुला त्रास होतोय."

"तो तसाही होतोच आहे." ती पुन्हा थांबली. "मार्च काही फार लांब नाही."

विनायकरावांनी बोटांवर महिने मोजले नाहीत. जाऊन खटका वर केला.