उतरलेला सूर

भाता उघडला

आणि अबिमाएलने धून तिथेच तोडली. अकॉर्डियनचं तेच बटण त्याने पुन्हा दाबलं. सूर स्वच्छ आला.

स्वच्छ.

आंब्याखाली लॅपटॉप मांडून बसलेल्या लुसेलीने हेडफोन नीट केले. अबिमाएलच्या वकिलाने बोगोताहून पाठवलेली ध्वनितज्ज्ञ ती.

"काका, तो उतरलेला सूर वाजवा ना. रेडिओवरच्या गाण्यात येतो तो."

ते गाणं देशभर गाजत होतं. धून अबिमाएलची, वाजवणंही त्याचंच, याच अंगणात टेप केलेलं. रेकॉर्ड कंपनी म्हणे, आम्ही स्टुडिओत नव्याने वाजवलं. मूळ कॅसेट पुरात गेलेली. साक्षीला उरली होती ही पेटी आणि तिच्यातली, तो उतरलेला सूर काढणारी एक झिजलेली पत्ती. तिची थरथर गाण्यातल्या थरथरीशी लुसेलीचं यंत्र जुळवून दाखवणार होतं. बोटाच्या ठशासारखी.

भाता मिटला.

स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको एनेइदा हात पुसत उभी होती. उभी कसली, फुलली होती.

"कळलं वाटतं! तू भावाकडे गेलास ना, तेव्हा पेटी दुरुस्तीवाल्या ओविदियोकडे नेली मी. त्याने कानस मारून सूर लावून दिला. डुक्कर काय उगाच विकलं? राजधानीची माणसं येणार नि तू तो रडका सूर ऐकवणार! लाज गेली असती माझी, म्हाताऱ्या."

लुसेलीने पडद्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"पण मावशी, पत्ती घासली की—"

"कॉफी निवतेय, बाई," अबिमाएल म्हणाला. त्याने कप तिच्यापुढे सरकवला, पण हात काढून घेतला नाही. "प्या आधी."

लुसेलीने हेडफोन काढून ठेवले.

"जुळलं का गं पोरी?" एनेइदाने विचारलं.

"यंत्राला वेळ लागतो, मावशी."

"गाढव बरं मग. हाकलं की चालतं तरी."

अबिमाएल हसला. मोठ्याने, जरा जास्तच.

भाता उघडला, मिटला, उघडला. एनेइदाकडे बघत त्याने अख्खी धून वाजवली. त्या बटणापाशी बोट अडखळलं आणि पुढे गेलं.

संध्याकाळी, लुसेलीची गाडी गेल्यावर, शेजारच्या दुकानात रेडिओ लागला. तेच गाणं. एरवी ते लागलं की अबिमाएल कुंपणावरून शिव्या घालून रेडिओ बंद करायला लावायचा.

"ऐक, ऐक!" एनेइदाने त्याचा दंड धरला. "चोरांना चोरूनसुद्धा सूर लावता येत नाही. आणि आपली पेटी बघ, कशी ठणठणीत!"

"हो गं."

त्याने स्टूल कुंपणाजवळ नेलं, अर्धं तिच्यासाठी मोकळं ठेवून बसला, आणि पलीकडे ओरडला,

"जरा मोठा कर रे!"