प्रश्न उद्भवत नाही

मित्रांनो, मी एक जुना सौरदिवा आहे. बारा हातांचा लोखंडी खांब, माथ्यावर काळ्यानिळ्या काचेची पाटी, तिच्याखाली उजेडाची नळी आणि बुडाशी बॅटरीची पेटी, एवढाच माझा संसार. डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला हिरडेवाडी नावाची चौदा घरांची वाडी आहे. तिथल्या पाराजवळ मी उभा आहे. माझ्याबद्दलची पहिली खरी गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे लपवालपवी नको. मी मत्सरी आहे. एका कंदिलावर मी सात वर्षं जळलो. त्यातून उजेड पडला असता तर बरं झालं असतं, पण तसल्या जळण्याने उजेड पडत नाही.

मी वाडीत आलो तो एकोणीसशे शहाण्णव साली. लाँचमधून पाण्यावरून आणि पुढे सहा गड्यांच्या खांद्यावरून. मला उभं करणारे साहेब घाईत होते. जाताना त्यांनी वाडीला बजावलं, की दिवा सरकारी आहे, कुणी हात लावायचा नाही. त्यांना म्हणायचं होतं की पेटी उघडू नका, तारा ओढू नका. वाडीने मात्र शब्द जसाच्या तसा उचलला. त्या संध्याकाळी कुणी बटण न दाबता मी आपोआप लागलो, तेव्हा वाडीतले जुनेजाणते सोमाजीबाबा यांनी हात जोडले. शिडी लावून माझ्या काचेला हळदकुंकू वाहिलं गेलं. पुढे दर दसऱ्याला झेंडूचा हार आला. हात लावायचा नाही, पण पूजेला हरकत नाही, असा सगळ्यांनी मिळून निवाडा केला. हार घालायला माणूस वर चढायचा. वाळलेला हार काढायला कोणी चढायचं नाही, कारण ते हात लावणं झालं असतं.

माझी पहिली तीन वर्षं फार मानाची गेली. वैजयंती नावाची सातवी शिकलेली सून ओतूरकडून वाडीत आली होती. तिने बायकांचा साक्षरता वर्ग धरला. दिवसा भात, नाचणी आणि हिरडा वेचणं यातून कोणाला सवड नसे, म्हणून वर्ग भरे दिवेलागणीनंतर, माझ्या खाली. अकरा बायका पाट्या घेऊन गोल बसत. ठकूबाई त्यांत सगळ्यात थोरली. तिचं नाव ‘ठ’ने सुरू होतं आणि ते अक्षर तिला काही केल्या जमेना. मग वैजयंतीने तिला सांगितलं, की मावशी, तव्यावर भाकरी टाकल्यासारखं काढा. ठकूबाईने भाकरी काढली आणि ‘ठ’ झाला. वाडी हसली. माझा ऊर भरून आला.

पण तेव्हाही मनात एक कुसळ होतं. ठकूबाई वर्गाला येताना हातात तिचा कंदील घेऊन यायची. माझा एवढा दुधासारखा उजेड असताना तो वीतभर पिवळा उजेड कशाला हवा होता? आणि त्याचे लाड तर पाहवत नसत. रोज सांजेला ती पाराच्या कडेला बसून त्याची काच काढायची, आत ‘हा’ करून फुंकर घालायची, राखेने घासायची, फडक्याने पुसायची, वात कातरायची. अकरा जणींना उजेड देणारा मी, आणि लख्ख व्हायचा तो. माझ्या काचेवर तांबडी माती साचत होती. साळुंक्यांनी तिचं काय करून ठेवलं होतं, ते सांगायला नको. वाळक्या हारांवर वाळके हार चढत होते. माझ्या पोटातल्या बॅटरीला वेळोवेळी पाणी लागतं, हे तर कोणाला ठाऊकच नव्हतं.

मग मी खंगलो. सगळा वर्ग होईपर्यंत लागणारा मी तासावर आलो, तासाचा पाव तास झाला, पुढे दोनदा लुकलुकून विझू लागलो, आणि सातव्या वर्षी तेही बंद पडलं. बायका कंदिलाभोवती दाटीने बसू लागल्या. जिच्या तिच्या डोक्याची सावली जिच्या तिच्या पाटीवर पडायची. एकेक करून बायका गळत गेल्या आणि पाच उरल्या. ठकूबाई नेटाने यायची, पण तिचे डोळे दुखायला लागले होते.

समोर, पाण्यापलीकडे, धरणाच्या पायथ्याचं वीजघर झगमगत असायचं. तिथून निघालेल्या तारा उगवतीकडे जायच्या, पारगावच्या साखर कारखान्याकडे आणि त्याहून पुढे. त्या तारांचाही मला मत्सर वाटायचा. एकही तार डोंगर चढून आमच्याकडे आली नाही, आणि त्याचं कारण मी होतो. सरकारी यादीत हिरडेवाडीपुढे लिहिलं होतं, सौरदिवा आहे, चालू आहे. जोवर मी कागदावर चालू होतो, तोवर वाडीला ना नवी बॅटरी मिळणार होती, ना तार.

हे वैजयंतीला तालुक्याच्या कचेरीत कळलं. तिने ते वर्गात सांगितलं, तेव्हा ठकूबाई म्हणाली, आपण लिहायला शिकलो ते कशाला? मग पाच जणींनी मिळून आमदारांना पत्र लिहिलं, एकेकीने एकेक ओळ. दिवा बंद आहे, वर्ग बंद पडतो आहे, एकदा येऊन बघा. माझ्या उजेडात शिकलेल्या अक्षरांनी लिहिलेलं ते वाडीचं पहिलं पत्र, आणि ते माझ्याच तक्रारीचं होतं. तेही कंदिलाच्या उजेडात लिहिलेलं. मला किती लागलं असेल, तुम्हीच समजा.

आमदारांनी विधानसभेत प्रश्न टाकला. हिरडेवाडीतील सौरदिवा बंद आहे, हे खरे आहे काय? असल्यास तो केव्हा दुरुस्त करणार? मुंबईहून तो प्रश्न पायरी पायरी उतरत जिल्ह्याला आला, तिथून तालुक्याला आला, आणि शेवटी निरोप आला की मंत्र्यांना उत्तर द्यायचं आहे, म्हणून एक साहेब तपासणीला येणार आहेत.

पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे अंगण सारवतात, सडा टाकतात. सोमाजीबाबांची नजर माझ्यावर गेली. एवढा मोठा माणूस येणार आणि दिवा असा बुरसटलेला, वाडीची शोभा होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं. सरकारचाच माणूस येतो आहे तर आता हात लावायला हरकत नाही, असाही त्यांनी विचार केला. वैजयंती त्या सकाळी हिरड्याच्या रानात होती, नाहीतर तिने अडवलं असतं. बाबा शिडीवर चढले, सात वर्षांचे हार उतरवले आणि ओल्या धोतराने माझी काच पुसली. सात वर्षांत पहिल्यांदा मला पुसणारा हात लागला. मी सुखावलो. दुपारपर्यंतचं ऊन थेट आत शिरलं आणि मेल्या बॅटरीतही मूठभर जीव आला.

साहेब भर दुपारी आले. दिवसा दिवा कसा तपासणार? त्यांनी एक घोंगडी मागवली आणि माझ्या काचेवर टाकायला लावली. काच झाकली की मला वाटतं रात्र झाली आणि मी लागतो, ही त्यांची रीत होती. तेवढ्यात ठकूबाई कंदील घेऊन पुढे आली. आमचं कशावर भागतं ते साहेबांना दाखवावं, एवढाच तिचा हेतू. साहेबांनी कंदील हातात घेतला, काच निरखली आणि म्हणाले, बाई, काय लख्ख ठेवलाय हो.

माझ्याच्याने ते ऐकवेना. तपासायला आले मला आणि कौतुक त्याचं! काय व्हायचं ते होवो, पण या माणसापुढे त्या पिवळ्या वातीहून मी कमी दिसणार नाही, असं म्हणून होता नव्हता तेवढा जीव मी नळीत ओतला. आणि मी लागलो. पांढराशुभ्र.

साहेबांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, दिवा लागला. वैजयंती रानातून धावत आली होती. ती म्हणाली, “साहेब, घोंगडी तशीच राहू द्या. घटकाभर बसा, च्या टाकते. मग बघा काय होतं ते.”

“बाई, दिवा लागतो का, एवढंच मला विचारलंय,” साहेब म्हणाले. “किती वेळ लागतो, ते विचारलेलं नाही.”

खाली लाँच त्यांच्यासाठी खोळंबली होती. ती काठावरून सुटली तेव्हा मी विझलो.

चैत्रात सोमाजीबाबा आमदारांचा पास घेऊन मुंबईला गेले, उत्तर ऐकायला. परत आले ते पारावर बसले आणि सगळी हकिकत त्यांनी सांगितली. प्रश्नाचा नंबर पुकारला, तसे मंत्री उभे राहिले. कागद वाचून म्हणाले, हे खरे नाही. आमचे आमदारही उठले, त्यांनी वाडीच्या बायकांचं पत्र दाखवलं. त्यावर मंत्री हसून म्हणाले, अध्यक्ष महोदय, दिवा भर दुपारी लागल्याचा अहवाल माझ्याजवळ आहे, मग तो रात्री लागत नाही असं सन्माननीय सदस्य कसं म्हणू शकतात? सभागृह हसलं. मग मंत्र्यांनी पृथ्वी कशी तापते आहे, हवामान कसं बदलतं आहे ते सांगितलं. अशा दिव्यांमुळे खेड्यापाड्यांत रॉकेल जळायचं थांबलं आणि हवेत जाणारा धूर कमी झाला, असंही सांगितलं. तेव्हा बाकं वाजली. त्या दालनात दिवसाढवळ्या इतके दिवे लागलेले होते की बाबांना मोजता आले नाहीत. माझ्या उजेडावर बाकं वाजली ती मंत्र्यांसाठी, आणि वरून उजळत होते ते दुसरेच. मी त्या दिव्यांवरही जळलो.

वैजयंतीने विचारलं, मंत्री माणूस कसा वाटला?

“मानूस वाईट न्हाई,” सोमाजीबाबा म्हणाले. “कागदावर व्हतं ते वाचलं त्यानं. कागदावर तसं यावं म्हून दिवा पुसला कुनी? म्याच.” आणि ते खाली मान घालून बसले.

बाबा, तुमचा काय दोष, असं मला ओरडून सांगायचं होतं. तुम्ही पाहुण्यासाठी पुसलंत. दाखवायला लागलो तो मी.

महिन्याभराने छापील उत्तर आलं. कंदिलाच्या उजेडात पाच जणी त्यावर वाकल्या. वैजयंतीने तो कागद ठकूबाईपुढे धरला, की मावशी, तुम्हीच वाचा. ठकूबाई अक्षर अक्षर लावत गेली. एक, हे खरे नाही. दोन, प्र...श्न... उद्...भ...व...त... नाही. वाचून झाल्यावर तिने विचारलं, “वैजंता, उद्भवत न्हाई म्हंजी काय?”

“प्रश्नच पडत न्हाई, असं म्हनत्यात, मावशी.”

ठकूबाईने डोळे चोळले. “पर आमाला तर पडलाय.”

मित्रांनो, सात वर्षं जिच्या फडक्यासाठी मी झुरलो, तिला मी माझ्या एका क्षणाच्या मिरवण्यापायी खोटं पाडलं होतं. कंदील मिणमिणत होता, पण तिला वाचता आलं ते त्याच्यामुळे. त्याने कधी कोणासमोर तोरा दाखवला नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावातल्या सरकारी दिव्याला, पंपाला, नळाला हार घालू नका, फडकं मारा. बॅटरीचं पाणी कोणाला विचारायचं, ते विचारून ठेवा. वस्तू आपली म्हणाल तरच ती तुमची राहील. आणि कोणी तपासायला आलं की तेवढ्यापुरतं चकाकून दाखवू नका. तेवढ्या उजेडाने मागे कितीजण अंधारात राहतात, ते मी पाहिलं आहे.

परवा पाच जणींनी दुसरं पत्र लिहिलं. त्यातली शेवटची ओळ ठकूबाईची आहे: तपासणी दिवेलागणीला करावी आणि साहेबांनी वर्ग सुटेपर्यंत आमच्यात बसावे. पत्र गेलं आहे. साहेब येतील. ते कंदिलाचं कौतुक करतील, मला राग येईल, आणि माझ्यात मूठभर जीव असला तरी मी लागणार नाही.