हलकी दोरी

फाटकन दोरी पाण्यावर आपटली आणि ओहोळातली बोयटं, ती बारकी मासळी, चारी दिशांना पांगली.

"गेली," सेलेस्टिन हळूच म्हणाला.

"जातील न्हायतर काय! हे पाणी हाय का गटार?" ह्युबर्टनं काठी बांधावर टाकली. "ह्याच दोरीवर मी दर्यात तीस शेरांची घोळ वढलीय. तुज्या ह्या चार हाताच्या ओहोळात हिला मासा लागंना."

पाण्यात पडलेली जाड सुती दोरी सेलेस्टिननं गोळा केली, पिळली आणि कोपराभोवती गुंडाळून ठेवली.

ह्युबर्ट त्याच्या बायकोचा, गर्ट्रूडचा, थोरला भाऊ. चौक गावातला नावाजलेला तांडेल, होडीचा म्होरक्या. सेलेस्टिन मोरवा गावच्या मिठाच्या चौकीवरचा शिपाई. बाप दर्यात बुडाल्यावर आईनं त्याला होडीत पाय ठेवू दिला नव्हता, म्हणून तो जन्मभर मिठागरांमधल्या ओहोळांतच मासे धरत आला. चौक गावी सासुरवाडीला गेला की ह्युबर्ट सगळ्यांसमक्ष म्हणायचा, "आला आमचा डबक्यातला कोळी!" लोक हसायचे. सेलेस्टिनही हसायचा.

सन एक्केचाळीसच्या आश्विनात होडी वर ओढताना ह्युबर्टचा उजवा पाय दोन होड्यांच्या मध्ये सापडला. मुंबईच्या इस्पितळात तो गुडघ्यापासून कापावा लागला. ह्युबर्टची बायको आधीच वारली होती. गर्ट्रूड त्याला मोरव्याला घेऊन आली. दोन महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ताट जसंच्या तसं परत यायचं. शेवटी गर्ट्रूड नवऱ्याला म्हणाली, "त्याला पाण्यावर न्या. न्हायतर हा असाच जायचा."

चौकीवरचा गोरा साहेब लढाईवर जाताना आपली मासे धरायची बांबूची लवचीक काठी सेलेस्टिनला देऊन गेला होता. त्या काठीच्या दोरीला शिसं लावत नाहीत. गळाला कोंबडीचं पांढरं पीस बांधायचं आणि ते पाण्यावर माशीसारखं अलगद उतरवायचं. पिसाला वजन नसतं. त्याला दूर नेतं ते दोरीचंच वजन. साहेबाची दोरी पावसाळ्यात कुजली होती, म्हणून ह्युबर्टनं हट्टानं आपली दर्याची दोरी लावली होती.

"तांडेल," त्या दिवशी ओहोळावरून परत येताना सेलेस्टिन म्हणाला, "दर्यात दोरी तुटली न्हाय पायजे. हितं ती माशाला कळली न्हाय पायजे. एवढाच फरक हाय."

"मला शिकवतोस?" ह्युबर्टनं कुबडी जोरात रोवली.

गर्ट्रूडकडे ख्रिस्ती देवळातल्या वेदीच्या कापडावर भरायला आणलेला पांढरा रेशमी धागा होता. त्यातला उरलेला तिनं नवऱ्याला दिला आणि दोघं दुपारी पडवीत दोरी वळायला बसली. ह्युबर्ट आतून पाहत होता. पहिली दोरी दुपदरी झाली. ती इतकी हलकी, की सेलेस्टिननं अंगणात फेकली तर वाऱ्यानं त्याच्याच तोंडावर आणून टाकली. दुसरी सहा पदरांची. ती कोंबड्यांच्या पाण्याच्या परातीत पडली तर कोंबड्या उडाल्या.

"पीळ सारखा न्हाय," आतून आवाज आला. "एकीकडं घट्ट, एकीकडं ढिला. आण इकडं."

गर्ट्रूडनं धागा भावाच्या मांडीवर ठेवला. चाळीस वर्षं जाळी विणलेली बोटं कामाला लागली. ह्युबर्टनं दोरी मधे चार पदरांची धरली आणि टोकाकडे एकेक पदर सोडत ती दोनावर आणली.

"पोटात वजन, तोंडाला हलकी," तो स्वतःशीच म्हणाला. "मेण हाय का गो घरात?"

तिनं मेणबत्त्यांचे तुकडे दिले. त्यानं दोरी इतकी घोटली, की ती पाण्याच्या घागरीत तरंगत राहिली. त्या संध्याकाळी त्यानं ताट पुसून खाल्लं.

रविवारी देवळात मिस्सा आटोपून ह्युबर्ट आणि सेलेस्टिन आगरावर गेले. भरती नुकतीच ओहोळात शिरत होती. तिवरांच्या मुळांशी कोळंबी उडत होती. ह्युबर्ट उलट्या टोपलीवर बसला. त्यानं मनगट मागे नेलं, थांबला आणि पुढे सोडलं. दोरी हवेत उलगडत गेली. पीस मुळांपाशी टेकलं तेव्हा पाणी हललंसुद्धा नाही.

तिसऱ्या खेपेला पाणी फुटलं.

"जिताडा!" सेलेस्टिन ओरडला. "खेचू नका! तुटंल!"

ह्युबर्टनं आयुष्यभर मासा खेचला होता. आता त्याला सोडत जावं लागत होतं. मासा ओहोळातून वर पळाला. दोरी संपत आली. माशाच्या मागे जायला हवं होतं. ह्युबर्ट उठायला गेला आणि टोपलीवरून कोसळला. सेलेस्टिननं धावत जाऊन काठीला हात घातला.

"हात लावू नको!"

काठी उंच धरून ह्युबर्ट बांधावरच्या चिखलातून बसल्या बसल्या सरकू लागला. एक तळवा, एक पाय, मग कंबर. दहा हात. वीस हात. सेलेस्टिन त्याच्या मागोमाग रिकाम्या हातांनी चालत राहिला. शेवटी मासा थकून कुशीवर आला, तेव्हा ह्युबर्टनं बोटं कल्ल्यात घालून त्याला स्वतः वर काढलं.

चिखलानं माखलेला तो मोठ्यानं हसला. मग त्याची नजर धोतराच्या रिकाम्या टोकाकडे गेली आणि हसू थांबलं. मासा शेजारी तडफडून शांत झाला.

"ही दोरी दर्यात दोन दिवस टिकायची न्हाय," ह्युबर्ट म्हणाला.

"न्हाय टिकायची."

"हितं बरी हाय."

दुपारी गर्ट्रूडनं जिताड्याचं आंबट-तिखट कालवण केलं. कोळ्याच्या घरात माशाचं डोकं तांडेलाचं असतं. तिनं ते रीतीप्रमाणे भावाच्या ताटात वाढलं. ह्युबर्टनं त्या डोक्याकडे पाहिलं, दोन्ही हातांनी उचललं आणि सेलेस्टिनच्या भातावर ठेवलं.

सेलेस्टिनचा घास हातातच राहिला. "तांडेल, हे..."

"खा," ह्युबर्ट म्हणाला आणि शेपटीकडचा तुकडा ओढून काटे काढू लागला.