खडक गप्प झाला की

कोलारच्या सोन्याच्या खाणीत खडकाची कुरकुर ऐकणं हे अरोक्यदासचं काम. खोल खडकात बसवलेली यंत्रं तिथला बारीकसारीक आवाज वर त्याच्या खोलीत पोचवायची आणि कुठला भाग कधी फुटेल याचा अंदाज तो बांधायचा. आठवडाभर खालच्या एका बोगद्याची कटकट चालली होती. आज सकाळी ती एकदम थांबली.

"शांत झाला एकदाचा! आता तरी हसा, दास," मॅनेजर पोन्नप्पा म्हणाले.

"माणसं वर घ्या, साहेब. आत्ताच्या आत्ता."

"अहो, कुरकुरत होता तेव्हा काम चालू ठेवलंत, आणि गप्प बसला तर पळायचं?"

"कुरकुरतो तोवर थोडा थोडा मोकळा होत असतो. गप्प झाला की सगळं आत दाबून धरतो."

पोन्नप्पांनी कपाळावर हात मारला, पण माणसं वर घेतली. दुपारी सगळी वसाहत हादरली. बोगदा खचला होता आणि आत कुणी नव्हतं.

अरोक्यदास घरी आला तेव्हा त्याची बायको फिलोमिना फळीवरून पडलेली भांडी गोळा करत होती. "येशूची कृपा," ती म्हणाली. "आणि शेजाऱ्यांकडे आपल्या जेसिंताचा फोन आला होता. सगळं छान आहे म्हणाली. रुळली हो पोरगी सासरी. पूर्वी केवढी भांडायची!"

पातेलं उचलता उचलता अरोक्यदास थांबला.

लग्न होऊन तूतुकुडीला गेल्यापासून लेक दर रविवारी फोनवर आग पाखडायची. पाणी खारट आहे, सासू उठताबसता टोचते, मला इथे कशाला ढकललंत? तो म्हणायचा, "जमवून घे, बाळा." नाताळपासून मात्र एकच वाक्य, "सगळं छान आहे, अप्पा." तिच्या त्या भांडणाची त्याला इतकी ओढ लागायची की रविवारी तो शेजाऱ्यांच्या फोनपाशी उगाच रेंगाळायचा. पोरगी सुखात आहे म्हणायचा आणि मन मारायचा. दगडाचं कळत होतं त्याला, लेकीचं कळलं नव्हतं.

तो तसाच चौकातल्या फोनच्या टपरीवर गेला. फोन जेसिंतानंच उचलला.

"सगळं छान आहे, अप्पा."

"भांड ना माझ्याशी, बाळा."

पलीकडून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

"मी न्यायला येतोय तुला. आजच निघतो."

तिला हुंदका फुटला आणि पाठोपाठ ती कडाडली, "आता सुचलं होय तुम्हाला? इतके दिवस कान कुठे गेले होते तुमचे?"

अरोक्यदासच्या डोळ्यांना धार लागली. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

"बोल," तो म्हणाला, "सगळं बोल. गाडीला अजून वेळ आहे."